काळ्या तुळशीची पानं

आमच्या शिलाई कारखान्याच्या कँटीनमध्ये जी मावशी होती, तिच्या नाकाला आम्ही सगळ्या जणी जरा वचकूनच असायचो. डबा घेऊन तिच्या खिडकीसमोरून गेलं की झाकण न उघडता ती सांगायची, भाजी उतरलीय, खाऊ नकोस, मी वाढते तुला भात. उघडून पाहिलं तर खरंच आंबूस वास. एकदा भर दुपारी हातातला झारा तसाच घेऊन ती जिना चढून इस्त्री विभागात आली आणि म्हणाली, कुठली तरी वायर जळतेय. इस्त्रीवाले हसले, कारण वाफेशिवाय तिथे कुणालाच काही जाणवत नव्हतं. तिनं भिंतीवरच्या मेन स्विचच्या डब्यापाशी नाक नेलं आणि बोट दाखवलं. इलेक्ट्रिशियननं उघडलं तर आतलं प्लास्टिक वितळायला लागलं होतं. तेव्हापासून मॅनेजरसुद्धा तिच्याशी सांभाळून बोलायचा.

मी तिथे काज-बटणाच्या मशीनवर होते. माझी जागा कँटीनच्या दाराला लागून, त्यामुळे आमचं बोलणं व्हायचं. यातलं जे घरात घडलं ते पुढे कधीतरी, भाजी निवडता निवडता, तिनंच मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. थोडं तिच्या दिरानं सांगितलं. दोघांचं जिथे जुळत नव्हतं तिथे मी मावशीचं धरलंय.

मावशीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा दीर राहायचे. दिरानं उभा जन्म बस चालवली, लग्नाच्या फंदात पडला नाही, आणि निवृत्त झाला तरी सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणायचे. ती त्याला भाऊजी म्हणायची, तो तिला वहिनी. माणूस सरळ, पण तोंडानं फटकळ. भाजी चांगली झाली तर मुकाट्यानं खायचा, बिघडली तर ताट संपेपर्यंत तिच्यावर भाषण.

निवृत्तीनंतर त्याच्या हातांना काही कामच उरलं नाही. सकाळी उठून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो खुर्चीत बसायचा आणि कुठे जायचं ते त्याला सुचायचं नाही. अशातच एक दिवस जिन्यातल्या पाण्याच्या पाइपमागे, भिंतीच्या फटीत, त्याला बोटभर उंचीचं तुळशीचं रोप दिसलं. झाडूवाली ते उपटणार, तेवढ्यात यानं तिला थांबवलं. चमच्यानं माती उकरून रोप घरी आणलं आणि रंगाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यात लावलं. मग त्याला नादच लागला. वर्षभरात गॅलरीच्या कठड्याला ओळीनं डबे लागले, सगळी हिरवी तुळस. कोपऱ्यात मात्र एक अर्धा कापलेला निळा ड्रम होता. त्यात काळी तुळस, जांभळट पानांची, गडद देठांची. ती त्यानं जुन्या डेपोतल्या माळ्याकडून मागून आणली होती. ती त्याची खास. बसची जशी सकाळी तपासणी करायचा तशी तो झाडांची करायचा. पानं उलटी करून बघायची, मातीत बोट खुपसून ओल बघायची, ओल्या फडक्यानं धूळ पुसायची.

भांडण सुरू झालं ते पानं तोडण्यावरून. ड्रायव्हरच्या मते झाड वाढवलं ते बघायला. मावशीच्या मते झाड म्हणजे भाजीवाल्याकडे न जाता मिळणारी भाजी. ती यायची, नखानं शेंडा खुडायची आणि जायची. हा मागून ओरडायचा, वहिनी, ओरबाडू नका. ती म्हणायची, खुडलं नाही आणि मंजिऱ्या येऊ दिल्या तर झाडाची काठी होते, पानं उरत नाहीत. शेवटी तह झाला. कठड्यावरचे डबे तिचे, कोपऱ्यातला ड्रम त्याचा, आणि ड्रमला तिनं हात लावायचा नाही. महिन्याभरात तिचे डबे असे भरगच्च झाले की आतली माती दिसेना, आणि त्याची काळी तुळस मात्र उंच, लुकडी, वर नुसत्या मंजिऱ्या. मग तो पहाटे उठून, ती दूध आणायला खाली गेली की, गुपचूप शेंडे खुडायला लागला. मावशीला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण त्याच्या बोटांना वास यायचा. तिनं त्याला कळू दिलं नाही.

हिरव्या तुळशीची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ती रोज कारखान्यात आणायची. आमच्याकडे कापसाची धूळ, प्रत्येकीला खोकला. दुपारच्या चहात ती आलं आणि तुळस घालायची. टोमॅटोच्या सुपात पानं सुरीनं न कापता हातानं फाडून टाकायची, तीही गॅस बंद केल्यावर, आणि वर लगेच झाकण. उकळत ठेवलीस तर सगळा जीव वाफेबरोबर उडून जातो, असं ती मला सांगायची. बटाट्याच्या भाजीत शेवटी मूठभर. पाऊस असो, थंडी असो, चारच्या चहाला त्या वासानं मशीनवरच्या माना वर व्हायच्या.

त्या थंडीत तापाची साथ आली. निम्मी टेबलं रिकामी होती. मावशीही आठवडाभर आली नाही, आणि आली तेव्हा गालांची हाडं वर आली होती. ती कामाला लागली. आम्हाला वाटलं, झालं, बरी झाली.

पण अंगातला ताप गेल्यावर पहिल्या सकाळी ती गॅलरीत गेली होती, नेहमीसारखा शेंडा खुडला होता आणि सवयीनं बोटं नाकाशी नेली होती. काहीच नाही. तिला वाटलं, नाक चोंदलंय. पण नाक मोकळं होतं, श्वास नीट येत-जात होता. तिनं पान चुरगळलं, तळहातावर घासलं. पाणी हुंगल्यासारखं. मग तिनं घरभर फिरून एकेक वस्तू हुंगली. साबण, कांदा, रॉकेलचा कॅन, भाऊजींची चप्पल. कुठेच काही नव्हतं.

कुणाला सांगायचं हा प्रश्नच नव्हता, कारण तिनं ठरवलं की सांगायचंच नाही. मॅनेजर काही दिवसांपासून म्हणत होता की कँटीन बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावं, तयार जेवण यावं, गॅसची कटकट नको. त्याला एक निमित्त हवं होतं. स्वयंपाकिणीला वास येत नाही, यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं मिळणार होतं?

मग ती डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक करायला लागली. कांद्याचा रंग, तेलाचा आवाज, सुपावरचा फेस. मी जवळच असायचे म्हणून मला म्हणायची, मीठ बघ गं जरा, आज माझा उपास आहे. उपास फार वाढलेत हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी विचारलं नाही. चहा तिनं सोडूनच दिला. गरम पाण्यात साखर टाकून पिण्यात काय अर्थ, असं तिला वाटायचं. एकदा भात खाली लागला तरी तिला कळलं नाही. आम्ही वरचा वरचा खाल्ला.

घरी तर मिठाचा अंदाज साफ गेला होता. जीभ खारट ओळखायची, पण चव म्हणून काही लागतच नसे, त्यामुळे हात सैल सुटायचा. आणि नवल म्हणजे भाऊजी काही बोलत नव्हते. ताट पुसून खायचे, दोन-दोन तांबे पाणी प्यायचे, आणि उठायचे. तिला वाटलं, बरं जमतंय आपल्याला.

अशा वेळी तुळशीवर कीड पडली. पांढरी, पिठासारखी, पानांच्या बेचक्यात. ड्रायव्हरनं बाजारातून कडुनिंबाचं तेल आणलं, साबणाच्या पाण्यात कालवलं आणि एका संध्याकाळी, वहिनी कारखान्यातून यायच्या आधी, कठड्यावरच्या सगळ्या डब्यांवर फवारलं. ड्रम कोपऱ्यात लांब होता, त्याला कीड लागली नव्हती, म्हणून तो सोडला. या तेलाचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. कुजलेला लसूण आणि जुनं वंगण एकत्र केल्यासारखा. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली वाकून काय मेलंय म्हणून विचारलं. वहिनींना वेगळं सांगायची गरज त्याला वाटली नाही. नाक असलेल्या माणसाला सांगायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गॅलरीत गेली. पानं तकतकीत दिसत होती, तिला आवडली. तिनं मूठभर खुडली, नळाखाली धुतली, थोडी चहात टाकली आणि बाकीची फडक्यात गुंडाळून पिशवीजवळ ठेवली. भाऊजींपुढे कप ठेवून ती केस विंचरायला आतल्या खोलीत गेली.

ड्रायव्हरनं कप तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबला. एक घोट घेतला, तो गिळवेना. तो उठला, चहा मोरीत ओतला, पाणी टाकलं. आधी त्याला राग आला. मग पिशवीजवळचं फडकं दिसलं. त्यानं ते उघडून हुंगलं, आणि मग, तो मला सांगत होता, पुढचा सिग्नल लाल आहे हे ब्रेक लावायच्या आधीच पायाला कळावं तसं त्याला सगळं कळलं. खारट भाज्या, सोडलेला चहा, दारातून येताना रोज भाऊजी, शेजारी काय शिजतंय सांगा बघू असं चेष्टेनं विचारणारी वहिनी, जी आता विचारत नव्हती.

आत कंगव्याचा आवाज येत होता. ही पानं कारखान्यात जाणार होती. हाक मारून सांगावं तर काय म्हणून सांगावं, हे त्याला सुचेना. तो गॅलरीत गेला. फडक्यातली पानं कचऱ्याच्या डब्यात टाकली, फडकं धुऊन पिळलं, आणि ड्रममधल्या काळ्या तुळशीचे शेंडे खुडायला सुरुवात केली. मूठ भरेना म्हणून खालच्या फांद्याही मोडल्या. फडकं होतं तसं गुंडाळून ठेवलं आणि रिकामा कप समोर घेऊन बसला. मावशी बाहेर आली, पिशवी उचलली आणि गेली.

दुपारी चहाच्या वेळी तिनं फडकं सोडलं तेव्हा मी तिथेच होते. ती पानांकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, आज पानं काळी आहेत. तिनं ती चहात टाकली, आम्ही नेहमीसारखा चहा प्यायलो. पण त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिचं लक्ष कशात नव्हतं. एका टेबलावर तिनं दोनदा सूप नेलं आणि दुसऱ्या टेबलाला विसरली.

घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी ती गॅलरीत गेली. ड्रममधलं झाड बोडकं झालं होतं. ड्रायव्हर खुर्चीत पेपर धरून बसला होता.

"भाऊजी, काळी कुणी तोडली?"

"मी."

"का?"

त्यानं पेपराची घडी घातली. "तुमच्या हिरवीवर काल कडुनिंबाचं तेल मारलं होतं वहिनी. अख्ख्या मजल्यानं खिडक्या लावून घेतल्या."

मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तापापासून."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्हाला सांगून काय झालं असतं?"

"निदान मला कळलं तरी असतं," तो म्हणाला. "मी तुमचे डबे उन्हासाठी डावीकडे सरकवले होते ना, त्याचा राग भाजीवर काढताय, असं धरून चाललो होतो. म्हणून गप खात होतो."

मावशीला आधी हसू आलं आणि मग ती खाली बसून रडली. तापानंतर ती पहिल्यांदाच रडत होती. ड्रायव्हरला रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यानं चहा केला. तो इतका वाईट होता, म्हणे, की वास नसतानाही तिला कळलं.

दुसऱ्या आठवड्यात तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तापानं वासाच्या नसा दुखावल्यात, त्या पुन्हा येतात, पण किती येतील आणि कधी, ते कुणी सांगू शकत नाही. रोज दोन वेळा ठरावीक चार वस्तू हुंगायच्या, हुंगताना त्या वस्तूचा वास आठवायचा. एवढंच औषध.

हे काम ड्रायव्हरनं अंगावर घेतलं. चार वाट्या मांडायच्या, लिंबाची साल, लवंग, साबणाचा तुकडा आणि चुरगळलेली तुळस. वहिनींनी डोळे मिटायचे, यानं वाटी पुढे करायची. शिकाऊ ड्रायव्हरांना जसं शिकवायचा तसं शिकवणं. घाई करू नका, अंदाजानं बोलू नका, नाही आलं तर नाही म्हणा. ती रोज नाही म्हणायची. तो रोज वाट्या धुऊन ठेवायचा.

कारखान्यातही सांगावं लागणार हे तिला आता टाळता येत नव्हतं. हिरवी पानं तशीच चहात पडली असती तर काय झालं असतं, हा विचार तिला झोपू देईना. तिनं मॅनेजरला न सांगता आधी आम्हालाच सांगितलं, जेवण वाढायच्या आधी, सगळ्यांसमोर. बऱ्याच जणींनी तिचा हात धरला. कुणी म्हणालं, भात लागला तेव्हाच आम्हाला शंका आली होती मावशी. पण इस्त्री विभागातला एक जण उठून म्हणाला की गॅस गळत असला आणि हिला वास आला नाही तर जबाबदार कोण? तिनंच वाचवलेल्या खोलीत तो काम करत होता, म्हणून आम्ही त्याच्यावर भडकलो. मावशीनं आम्हाला गप्प केलं. ती म्हणाली, तो बरोबर बोलतोय.

मग व्हायचं ते झालं. दुपारचं जेवण कंत्राटदाराकडे गेलं, बंद पेट्यांत येऊ लागलं, कोमट आणि एकाच चवीचं. मावशीकडे चहा आणि सूप राहिलं, तेही आम्ही पोरींनी मॅनेजरच्या दारात उभं राहून राखलं म्हणून. गॅस उघडायचा-बंद करायचा आणि दूध हुंगायचं काम माझ्याकडे आलं. पगार कमी झाला. मोठी पातेली तिनं घासून, पुसून, उलटी घालून ठेवली.

वसंताच्या सुमाराला वास परतायला लागला, पण वेडावाकडा. सुरुवात तुळशीपासूनच झाली. ड्रायव्हरनं वाटी पुढे केली आणि ती दचकून मागे सरली. रॉकेल, ती म्हणाली. त्याला वाटलं, चुकून कुठे हात लागला असेल. वाटी धुतली, नवी पानं आणली. तिला रॉकेलच यायचं. कांदा परतला की गटाराचा वास, साबणाला करपलेल्या रबराचा. काहीच येत नव्हतं ते परवडलं, असं तिला वाटायला लागलं. ती गॅलरीत जायची बंद झाली, दार लावून घ्यायची. भाऊजींनी न विचारता सगळे डबे उचलून जिन्यातल्या खिडकीपाशी नेले आणि रोज तिथे जाऊन पाणी घालू लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, नसा चुकीच्या का होईना, जोडल्या जातायत. मावशीला ते पटलं नाही, पण सूप तर करायचं होतं. एका दुपारी मी तिला नाक चिमटीत धरून तुळशीचं पान चावताना पाहिलं. ती चावत राहिली, थांबली, पुन्हा चावली. म्हणाली, वास सोड, पण बघ, जिभेला चुरचुरतं, लवंगेसारखं, आणि मग जरा बधिर होतं. ते सगळं जागच्या जागी आहे. त्या दिवसापासून ती जिभेवर अंदाज घ्यायला लागली. कोवळं पान कमी चुरचुरतं, मंजिरीजवळचं जास्त. फार जून झालं की नुसतं कडवट. सूप पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. थोडं तिखटाकडे झुकलं. पण ते तिचं होतं, आणि आमच्या वाट्या रिकाम्या होत होत्या.

हळूहळू एकेक गोष्ट परत आली. लिंबू आधी, मग लवंग, मग साबण. कांदा बराचसा सुधारला. डबे जिन्यातून परत गॅलरीत आले, आणि ते कुठल्या बाजूला ठेवायचे यावरून दोघांची पुन्हा जुंपली. तुळस मात्र आली नाही.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाली. त्यानंतर एका सकाळी मी तिच्या घरी गेले तेव्हा वाट्यांचा कार्यक्रम चालू होता. आता गरज नव्हती, पण सवय सुटली नव्हती. मावशी डोळे मिटून खुर्चीत, समोर ड्रायव्हर चष्मा लावून. त्यानं पहिली वाटी धरली.

"लिंबू."

"बरोबर."

"लवंग. हां, आणि हा साबण."

"एका वेळी एक. बरोबर."

चौथ्या वाटीत काळ्या तुळशीची पानं होती, नुकतीच खुडलेली. तिनं हुंगलं. नाक थोडं मुरडलं, पण मागे सरली नाही.

"रॉकेल," ती म्हणाली.

"बरोबर," ड्रायव्हर म्हणाला.

मावशीनं डोळे उघडले, त्याच्या हातातली वाटी घेतली आणि आत जाऊन उकळून खाली उतरवलेल्या चहात ती पानं टाकून झाकण ठेवलं. मी तिला विचारलं की पूर्वीचा वास आठवतो का. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, तो छान होता एवढं आठवतं, कसा होता ते नाही आठवत. मग तिनं तीन कप मांडले. भाऊजी आधी प्यायले, चांगली झालेली भाजी खायचे तसे मुकाट्यानं, आणि मग आम्ही दोघींनी घेतला.